राखणदाराच्या वहाणा

"धाकू, तुझो बापूस खंय हा?"

गंगूकाकी अंगणात शिरली ती ओरडतच. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, पदर खांद्यावरून ओघळलेला. मी पडवीत कातडं कापत बसलो होतो. हातातली रापी हातातच राहिली.

"बापूस बाजाराक गेलो. काय झाला?"

"जानूक गिऱ्ह्यान धरल्यान!"

जानू म्हणजे तिचा धाकटा. माझ्याच वयाचा, सतरा वर्षांचा, आणि माझा एकुलता एक दोस्त. गिऱ्हा म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो खाडीच्या चिखलात राहतो, ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि जो जाईल त्याला धरून ठेवतो. बुडवायची मेहनत तो घेत नाही. ते काम भरतीवर सोडतो.

"सकाळी ओहोटीक तिसऱ्यो-शिंपल्यो काढूक गेलो," काकी धापा टाकत सांगत होती. "तेव्हापासून थंयच उभो. कमरेपर्यंत रुतलो हा. हाक मारली तर बघणा नाय. कोणाशी तरी बोलता, हसता. होडी न्हेली तर वल्ही पाण्यात चलणत नाय. भरती लागली रे! एक वाजता पुरी होतली."

अकरा वाजून गेले होते. खाडी आमच्या घरापासून तीन मैल, मधे कातळाचा सडा आणि दोन व्हाळ, ओढे म्हणा. धावत गेलं तरी पाऊण तास.

"तू गुरवाक उठव. मी जातंय फुडे," मी म्हटलं.

"तू जावन काय करतलंस?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू लंगोट लावलेला पोर युद्धाला निघालाय. मग कपाळावर हात मारून ती देवळाकडे धावली. मी आत जाऊन तुळईवरच्या वहाणा खाली काढल्या.

या वहाणांचं आता सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं थापा वाटेल. तसंही वाटेलच.

आमच्या गावाचा राखणदार रोज शिवेवरून फेरी घालतो. त्याच्या देवळात मूर्तीच्या पायाशी दरवर्षी जत्रेला नव्या वहाणा ठेवतात, हातभर लांबीच्या. त्या शिवायचा मान आमच्या घराचा. वर्ष सरता सरता त्या वहाणांच्या टाचा झिजतात, अंगठा सैल होतो, तळाला तांबडी माती बसते. झिजलेला जोड आमच्या घरी परत येतो आणि पुढल्या जत्रेला व्हाळात सोडतात. तोवर तो तुळईवर. त्याला हात लावायचा नाही, हे मला चालायला यायच्या आधीपासून सांगितलेलं.

तेराव्या वर्षी मी त्यात पाय घातला. का घातला, याला उत्तर नाही. तेराव्या वर्षी कशालाच नसतं. हातभर लांबीची वहाण माझ्या पायाला बरोब्बर बसली. एक पाऊल टाकलं आणि मी अंगणातून थेट सड्यावर. दुसरं टाकलं तर बांधावरच्या काजूपाशी. गडी कामाला होते, कुणालाच मी दिसत नव्हतो. त्यांनी माना वर केल्या त्या फक्त कातड्याच्या करकरीनं, आणि लगेच हात जोडले.

परत आलो तर बापूस दारात. मला वाटलं, आता पाठीचं सालटं निघणार. पण तो उंबऱ्यावर मटकन बसला.

"लागू झाल्यो तुका," तो म्हणाला. "आता आयक. चपलो राखणदाराच्यो. तू निसतो पाय."

मग त्यानं नियम सांगितले. फेरी शीव उजवीकडे ठेवून घालायची. वाटेत चार धोंडे. धोंड्यापाशी कोणी गाऱ्हाणं घेऊन उभं असलं की पाय आपोआप थांबतील. ते गाऱ्हाणं ऐकायचं. संपलं की टाचा दोनदा दाबायच्या. करकर, करकर. म्हणजे ऐकलं, होय. माणूस तेवढ्या आधारावर घरी जातो. आणि हे कोणाला कळता कामा नये. जानूलासुद्धा.

चार वर्षं मी ते केलं. आवडीनं केलं असं मात्र म्हणवत नाही. मला आवडायचं पळायला. गाऱ्हाणी म्हणजे डोक्याला ताप. याची गाय, त्याची सून, कोणाच्या तरी पोटातला गोळा. लवकरच मला एक युक्ती सापडली. गाऱ्हाणं संपायची वाट बघायला नको, मधेच टाचा दोनदा दाबल्या तरी पाय मोकळे होतात. मग काय, माकडाच्या हाती कोलीत! चौथा धोंडा खाडीजवळ, डांबरी रस्त्याला लागून. दुपारची तालुक्याची एस.टी. वळणावर हॉर्न देऊन खाली उतरायची, आणि मी तिच्याशी पुलापर्यंत शर्यत लावायचो. ड्रायव्हरला बिचाऱ्याला पत्ताही नसे. जानू रुतला त्या आठवड्यात सोमवारीसुद्धा मीच जिंकलो होतो. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, एवढंच दुःख.

त्याच रात्री जेवताना आठवलं होतं, की जानूनं आदल्या दिवशी मला बांधावर बसून विचारलं होतं, "धाकू, राखणदार खरोखरच आयकता काय रे?" मी पेरू खात होतो. "आयकता की," मी म्हटलं होतं. "नायतर करकर कसली येता?"

असो. वहाणा घातल्या आणि निघालो. मनात हिशेब साधा होता. दोन मिनिटांत खाडी, तिसऱ्या मिनिटाला गिऱ्ह्याचं नरडं. चार वर्षं ज्या पराक्रमाची मी वाट पाहिली तो आज आला होता. खरं सांगतो, भीती होती, पण तिच्या जोडीला थोडा आनंदही होता. तो आनंद आठवला की आजही मला माझी चीड येते.

पहिल्या धोंड्यापाशी पाय थांबले. पिंपळाखाली येसूकाकी उभी होती, हातात केळ्यांचा फणा.

"बा देवा म्हाराजा," तिनं सूर लावला, "त्या भानग्याचो फणस माझ्या घरावर वाकलो हा. वर्सात छपराचे बारा नळे फुटले. तेका सांगलंय, खांदी तोड. तो म्हणता, घर सरकव…"

मी टाचा दोनदा दाबल्या. करकर, करकर. पाय सुटले. तीन पावलं टाकली, डोळ्यांपुढून झाडं सरकली, आणि पाय थांबले.

समोर पिंपळ. खाली येसूकाकी. हातात केळ्यांचा फणा.

"…तो म्हणता, घर सरकव. घर काय तेच्या बापाशीची बैलगाडी हा?"

मला वाटलं, घाईत वाट चुकलो. परत टाचा दाबल्या, परत निघालो, या खेपेला शीव नजरेआड होऊ दिली नाही. सडा आला, काजू आले, व्हाळ आला. आणि ये रे माझ्या मागल्या, पुन्हा पिंपळ! येसूकाकी फणसाच्या तिसऱ्या फांदीवर पोचली होती.

पाच वेळा मी निघालो आणि पाच वेळा तिथंच आलो. घामानं अंग निथळत होतं. मी ओरडलो, "काकी, थंय माणूस बुडता हा!" पण वहाणा घातलेल्याचा आवाज कोणाला ऐकू जात नाही, फक्त करकर जाते. तीही ऐकून काकी गोंधळली आणि तिनं सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. वहाणा मला दरवेळी परत आणून सोडत होत्या. न ऐकता टाचा दाबल्या की दरवेळी असंच होत आलं असणार, फक्त मी परत येईतो माणूस करकर ऐकून घरी गेलेला असे. चार वर्षं मी याच शिवेवर गरगर फिरत होतो आणि स्वतःच्या वेगावर खूश होतो. ज्याला कुठंच पोचायचं नसतं त्याला आपण परत फिरवले जातोय हे कळत नाही. आज पोचायचं होतं, म्हणून कळलं.

वहाणा काढून सरळ धावत सुटावं असं वाटलं. अंगठ्यात बोट घालून ओढलं. पण फेरी पुरी झाल्याशिवाय वहाणा पायातून निघत नाहीत, हे मला बापसानं सांगितलं होतं की नाही आठवेना. सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

शेवटी उभा राहिलो आणि येसूकाकीचा फणस मुळापासून शेंड्यापर्यंत ऐकला. नळे, भानग्या, भानग्याची आई, तिनं पंचवीस वर्षांपूर्वी मोडलेली उसनी विळी. "होय म्हाराजा" म्हणून तिनं केळी ठेवली. मी टाचा दाबल्या. या वेळी पाय खरोखरच पुढं गेले.

दुसऱ्या धोंड्यापाशी नेवगी मास्तर. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. शाळेत हा माणूस हजेरीला अर्धा तास घेई. त्यांनी टोपी सरळ केली, गावच्या बारा-पाचाच्या, म्हणजे मानाच्या सगळ्या, देवांना नावानिशी बोलावलं, मग आपल्या सात पिढ्या. नमनालाच घडाभर तेल! माझ्या डोळ्यांपुढं पाणी जानूच्या छातीला लागत होतं आणि मास्तर अजून पणजोबांपाशी होते. मी धोंड्यावर मुठी आपटल्या. मास्तरांना मी आयुष्यात दिल्या नसतील एवढ्या शिव्या त्या दिवशी दिल्या. त्यातली एकही त्यांना ऐकू गेली नाही. सरतेशेवटी निघालं ते एवढंच, की त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं आणि पोरांना ते कळू नये.

दोन वर्षं मी त्यांच्या फळ्यावरच्या वाकड्या ओळींना हसत होतो. मी टाचा दाबल्या, हळू दाबल्या, आणि निघालो.

तिसऱ्या धोंड्यापाशी शेवंता उभी होती, परबांची नवी सून. ती काही बोलेचना. हात जोडून नुसती उभी. ऐकायला काही असतं तर ऐकलं तरी असतं. सूर्य डोक्यावर आलेला, बारा वाजून गेलेले, आणि ही बाई तोंड उघडत नाही!

"बोल गो," मी विनवत होतो. "पाया पडतंय तुझ्या. काय ता बोल आणि माका सोड."

ती रडायला लागली. रडू थांबलं की परत गप्प. मी एकदाच, अगदी हळूच, टाचा दाबून पाहिल्या. व्हाळ आला, बांध आला, आणि परत शेवंता. मग मी खाली बसलो. दुसरं काय करणार? किती वेळ गेला कोण जाणे. माझी चडफड हळूहळू दमून गेली, आणि मी तिच्याकडे खरोखरच पाहिलं. मनगटावर डाग होते, उलथण्याचे असावेत.

"देवा," ती म्हणाली, "माका काय मागूचा नाय. कोणाक तरी सांगूचा होता. सांगलंय."

एवढंच. तिनं डोळे पुसले, मी टाचा दाबल्या, आणि ती करकर ऐकून तिचा श्वास मोकळा झाला तो मला चार हातांवरून ऐकू आला.

आणि मग चौथा धोंडा. समोर खाडी, पाणी भरून आलेलं. काठावर पंधरा-वीस माणसं, गंगूकाकीचा हंबरडा. चाळीस पावलांवर पाण्यात फक्त जानूचं डोकं आणि खांदे. तो हसत होता. मी झेप घ्यायला गुडघे वाकवले.

पाय हलले नाहीत. धोंड्यापाशी कोणीतरी उभं होतं.

अंगभर चिखल. उन्हात तो चिखल वाळत होता, त्याला तडे जात होते आणि तड्यांतून पाणी झिरपत होतं. त्यानं हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा," गिऱ्हा म्हणाला. आवाज विश्रामचा होता, जानूच्या थोरल्या भावाचा. तीन वर्षांपूर्वी तो याच खाडीत गेला होता. "माझा गाऱ्हाणा आयक."

माझं डोकंच फिरलं. "तुझा कसला गाऱ्हाणा? सोड तेका!"

त्याला मात्र माझा आवाज ऐकू येत होता. "आयकल्याशिवाय तुझो पाय हलूचो नाय. तुका म्हायत हा." तो शांतपणे म्हणाला. मागं पाणी जानूच्या गळ्याला लागलं होतं. "सोमवारी ह्यो जानू हयसर उभो रवलो. तुका सांगल्यान, 'माझो भाव चिखलातून हाक मारता. तो माझो भाव की गिऱ्हो, माका कळणा नाय. भाव असलो तर होय म्हण, मी जातंय. नसलो तर गप रव.' तू दोनदा होय म्हटलंस. तेणा आयकल्यान, मी आयकलंय. मगे माझी चोरी खंयची? दिलेलो माणूस घेतलंय. आणि आता तूच मागूक येतंस?"

सोमवार. फाटकं बनियन घातलेला जानू, हातात पानात गुंडाळलेलं काहीतरी. त्याला पाहून मला मनातल्या मनात हसू आलं होतं, की हा काय मागतोय, मासे? "बा देवा म्हाराजा, माझो भाव…" एवढंच माझ्या कानांत शिरलं, वळणावर हॉर्न वाजला, आणि पुढचं तो बोलत असताना मी गाडीकडे बघत होतो. मी टाचा दाबल्या होत्या.

"बोल," गिऱ्हा म्हणाला. "तू आयकलंस काय नाय?"

ऐकलं म्हणालो असतो तर जानू त्याचा. दुसरं उत्तर राखणदाराच्या तोंडी कधी आलेलं नाही. चार वर्षांत मी कधी एवढा अडकलो नव्हतो, आणि तोही माझ्याच टाचांनी. जानूच्या हनुवटीवरून पाणी गेलं.

"नाय," मी म्हटलं. "मी आयकूक नाय."

वहाणांचे अंगठे एकदम तुटले. चिखलानं त्या तळापासून गिळल्या, बुडबुडासुद्धा आला नाही. गिऱ्ह्यानं माझ्या उघड्या पायांकडे पाहिलं. तो चिडला नव्हता, वैतागला होता, बाजारात खोटं माप पदरात पडलेल्या माणसासारखा.

"मगे तुझा होय कसला?" तो म्हणाला, आणि खचलेल्या भिंतीसारखा जागच्या जागी ढासळला.

"आवशी गो!" पाण्यातून जानूची किंकाळी आली. वल्ही हलली. मी उडी घेतली आणि चौथ्याच पावलाला कमरेपर्यंत रुतलो. हा माझा पराक्रम. जानूला त्याच्या काकानं, भिकाजीनं, काखेत धरून होडीत ओढलं. मग होडी वळवून मला काढायला आली.

"तू कशाक उतरलंस, मेल्या?" भिकाजीकाकानं माझी मानगूट धरली. "येक काढूक इलंव तर दोन गावले!"

होडीत जानू थरथरत पडला होता. गंगूकाकीनं काठावरून घोंगडं फेकलं, ते मी त्याच्या अंगावर टाकलं. त्यानं माझा हात धरला.

"माका भ्या वाटूक नाय रे," तो हळूच म्हणाला. "राखणदारान आयकलेल्यान. दोनदा. म्हणान गेलंय." मग थोडं हसून, "आणि बघ, शेवटाक तोच इलो. माका करकर आयकाक इली."

मी तोंड उघडलं. आत चिखल गेला होता, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी बापसाला सगळं सांगितलं. तो रिकाम्या तुळईकडे बघत राहिला. मार त्या दिवशीही मिळाला नाही, मिळाला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोर कातडं टाकलं. "आजपासून जोड तू शिवूचो," एवढंच म्हणाला.

चाळीस वर्षं मी शिवतोय. वर्षाकाठी टाचा अजून झिजतात. कोणाच्या पायांत, ते मी विचारत नाही. पण चौथ्या धोंड्यापाशी करकर त्या दिवसापासून कोणी ऐकलेली नाही.

जानू आता आजोबा झालाय. दरवर्षी त्या तिथीला तो चौथ्या धोंड्यापाशी केळी ठेवतो. मी काहीतरी निमित्त काढून टाळायचो. यंदा गुडघे धरलेत त्याचे, म्हणून सोबत गेलो. त्यानं गाऱ्हाणं घातलं, "होय म्हाराजा" म्हटलं आणि कान देऊन उभा राहिला. बराच वेळ.

"चाळीस वर्सा झाली," तो म्हणाला. "मी येतंय, सांगतंय. तो काय बोलणा नाय. माझ्यावर रागावलो काय रे?"

या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षं माझ्या घशाशी येऊन परत जात होतं. मी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि धोंड्याच्या पायथ्याशी बसलो.

"जानू, त्या सोमवारी तू हयसर काय सांगलंस, ता माका सांग. पयल्यापासून."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"सोमवार?" तो म्हणाला. "सोमवारी इल्लंय, तो वार मी कोणाक सांगूक नाय. आवशीकसुदा."

त्यानं माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं. वळणावर एस.टी.नं हॉर्न दिला, गाडी आमच्या बाजूनं खाली उतरून पुलाकडे गेली, धूळ खाली बसली, तरी तो बघतच होता. मला वाटलं, आता उठून जाईल. जायलाच हवं होतं.

मग गुडघ्यावर हात टेकत तो माझ्या शेजारी बसला. त्यानं खाडीकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "माझो भाव माका चिखलातून हाक मारता…"

मी शेवटपर्यंत ऐकलं.